डॅकचे व्हॉल्व्ह बदलले, पॉवर केबल बदलली: फरक खरा की भास?

काळी_एक · शनिवार, रात्री ११:२०

मंडळी, तीन वर्षं वाचनमात्र होतो. आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी ओळखीच्या एका गृहस्थांकडून जुना डॅक (डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) घेतला. आउटपुटला ६९२२ जातीच्या दोन काचेच्या ट्यूब, म्हणजेच व्हॉल्व्ह, पोटात गोल ट्रान्सफॉर्मर, उचलताना कमरेकडे लक्ष ठेवावं लागतं एवढं वजन. स्ट्रीमरमधून ऑप्टिकल केबलनं डॅकमध्ये, तिथून आरसीएनं (साध्या तांब्याच्या ऑडिओ केबलनं) अँप्लिफायरला. ऐकणं बहुतेक शास्त्रीय गायन.

डॅकबरोबर रशियन ६एन२३पी ट्यूब आल्या होत्या. महिन्यापूर्वी हॉलंडच्या जुन्या ६९२२ची जोडी मिळाली, ती लावली. आवाज एकदम उघडला. गळा पुढे आला, तबल्याच्या शाईला वजन आलं. एकच गोष्ट खटकते: गायक थोडा डावीकडे सरकून बसल्यासारखा वाटतो.

मग दोन आठवड्यांपूर्वी मित्राच्या भरीला पडून पॉवर केबल घेतली. चौदा हजार. हो, चौदा हजार. माझाही विश्वास नव्हता. पण लावली आणि पहिल्याच बंदिशीला जाणवला तो तानपुरा. इतके दिवस मागे कुठेतरी धुक्यात होता. आता खर्जाची तार वाजली की तिच्यातून उमटणारा गंधार वेगळा काढून दाखवता येतो. आवाजामागची शांतता वाढली, एवढंच म्हणता येईल. बायको म्हणाली, या पैशात घरात खराच तानपुरा आला असता.

आणखी एक फायदा. पूर्वी डॅक चालू असताना मागची आरसीए काढायला गेलो की बोटांना झिणझिण्या यायच्या. नव्या केबलनंतर ते बंद झालं. शुद्ध तांब्याचा परिणाम असावा.

तर प्रश्न असा: हे फरक इतर कुणाला जाणवले आहेत का? आणि पुढचा रुपया ट्यूबवर घालवू की केबलवर?

---

तूरडाळ · शनिवार, रात्री ११:३१

शीर्षक धड न वाचता आत आलो. आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूब फडफडते, त्याबद्दल काही सांगता येईल का?

---

रसिकराज · शनिवार, रात्री ११:५८

अभिनंदन! या वाटेवर स्वागत आहे. अजून काहीच ऐकलेलं नाहीत तुम्ही. केबलला शंभरेक तास वाजू द्या, मग स्टेज, म्हणजे कलाकार समोर बसल्याचा भास, आणखी खोल होईल. त्यानंतर डॅकच्या आतला फ्यूज. आणि कृपा करून केबल जमिनीवर लोळवू नका.

इथे आता लोक गणितं घेऊन येतील. त्यांना येऊ द्या. गाणं कानानं ऐकतात.

---

शंकासुर · रविवार, सकाळी ७:१४

आलो गणित घेऊन. सकाळचा चहा होईपर्यंत एवढंच काम असतं.

तुमचा डॅक २५ वॅट खात असेल असं धरू. २३० व्होल्टला हा करंट साधारण ०.११ अँपिअर. साधी दीड मीटरची केबल, आत ०.७५ चौरस मिलिमीटरची तार. तिचा रोध मीटरला सुमारे २४ मिलिओहम. जाऊन येऊन तीन मीटर म्हणजे ०.०७ ओहम. तुमच्या साध्या केबलमध्ये वाया जाणारा दाब झाला ८ मिलिव्होल्ट. २३० व्होल्टमधले ८ मिलिव्होल्ट! समोरच्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली की याच्या शेकडो पट चढउतार होतो.

शिवाय केबलमधून गाणं जात नाही, वीज जाते. ती ट्रान्सफॉर्मरमधून उतरते, रेक्टिफायरमध्ये सरळ होते, कपॅसिटरमध्ये साठते, रेग्युलेटरमधून गाळून निघते, आणि मग कुठे ट्यूबपर्यंत पोचते. सबस्टेशनपासून तुमच्या भिंतीपर्यंत किलोमीटरभर अॅल्युमिनियम, भिंतीत वीस मीटर साधी वायर, आणि शेवटच्या दीड मीटरला चौदा हजार?

फरक पडणं शक्यच नाही. चौदा हजार खर्च केलेल्या माणसाला फरक ऐकू येतो, कारण न येणं परवडत नाही.

---

रसिकराज · रविवार, सकाळी ९:४०

शंकासुर, ओहमच्या नियमानं तानपुरा मोजणाऱ्यांची मला दया येते. हवेत रेडिओ लहरी आहेत, शेजारी वायफाय आहे, प्रत्येक एलईडी दिव्यात एक छोटा सप्लाय किरकिरतोय. चांगली केबल जाळीदार आवरणाची असते, पिनांची पकड घट्ट असते. आपल्याकडच्या सॉकेटमध्ये प्लग कसा लोंबतो ते पाहिलंय ना? हे सगळं तुमच्या ८ मिलिव्होल्टमध्ये बसत नाही.

---

जुना रेडिओ · रविवार, सकाळी ११:०५

केबलचं भांडण तुम्ही चालू ठेवा, मी व्हॉल्व्हबद्दल बोलतो. आमच्या वेळी ट्यूब म्हणजे सायकलची.

६९२२ म्हणजे युरोपियन नावानं ई८८सीसी, ईसीसी८८चा जास्त टिकाऊ भाऊ. ईसीसी८८ला अमेरिकेत ६डीजे८ म्हणत. एक गंमत सांगतो. हा व्हॉल्व्ह गाण्यासाठी जन्मलाच नाही. तो टीव्हीच्या ट्यूनरसाठी बनवला, अँटेनाचा क्षीण सिग्नल कमी खरखरीत वाढवण्यासाठी. ई८८सीसी तर मोजमापाच्या यंत्रांसाठी आणि दहा हजार तास चालेल अशा हमीनं बनलेला माल. ऑडिओवाल्यांनी त्याला नंतर दत्तक घेतलं.

व्हॉल्व्ह बदलला की आवाज बदलतो का? बदलतो, आणि त्यात काही जादू नाही. तुमच्या डॅकमध्ये चिपमधून निघालेला सिग्नल व्हॉल्व्ह वाढवतोय की नुसता पुढे ढकलतोय, यावर सगळं अवलंबून. नुसता ढकलत असेल, ज्याला कॅथोड फॉलोअर म्हणतात, तर त्याचं गुणन एकपेक्षा किंचित कमी असतं आणि कुठलाही निरोगी व्हॉल्व्ह लावा, काडीचाच फरक पडतो. पण तो सिग्नल वाढवत असेल आणि सर्किटमध्ये फीडबॅक (आउटपुटचा अंश परत आत देऊन चूक सुधारणं) नसेल, तर व्हॉल्व्हचं वय, त्याचा करंट, त्याचं गुणन हे सगळं थेट स्पीकरपर्यंत पोचतं. शिवाय व्हॉल्व्ह आपल्या पदरचा दुसरा हार्मोनिक मिसळतो, म्हणजे मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातला तोच स्वर. कानाला तो गोड लागतो, म्हणून लोक त्याला ऊब म्हणतात. मोजलं तर ती भेसळच. सुखाची भेसळ म्हणा.

आता तुमच्या 'आवाज एकदम उघडला'कडे येतो. नवी जोडी जास्त जोरात तर वाजत नाही ना? अर्धा-पाऊण डेसिबलचा फरक कान 'मोठा' म्हणून ओळखत नाही, 'स्पष्ट' म्हणून ओळखतो. दुकानदारांना हे साठ वर्षांपासून ठाऊक आहे. ज्यांच्या डॅकमध्ये ईसीसी८२ आहे ते लोक त्या जागी ईसीसी८३ खुपसतात आणि 'काय जिवंत झाला हो' म्हणतात. जिवंत कसला, ईसीसी८२चा गुणक विसाच्या आत आणि ईसीसी८३चा शंभर! पिना जुळतात म्हणून बसतो, एवढंच. (तुमच्या ६९२२च्या जागी मात्र हे दोन्ही लावू नका, हीटरची, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेची, जोडणी वेगळी आहे.)

गायक डावीकडे सरकला, त्याचं कारण बहुधा हेच: एक व्हॉल्व्ह दमलाय. २०० हर्ट्झचा एकच सूर वाजवा, मल्टीमीटर एसीवर ठेवून डाव्या आणि उजव्या आउटपुटचे व्होल्ट मोजा. मग जुने रशियन लावून तेच करा. चार आकडे इथे टाका.

आणि हॉलंडचे म्हणून घेतलेत, तर काचेच्या बुडाजवळ कोरलेला बारीक कोड बघा. हॉलंडमधल्या हीर्लेनच्या कारखान्याची खूण त्रिकोण आहे, इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नची बी. वरची छपाई कुणीही करून देतं. ती छपाई बोटानं पुसून बघू नका, खरी असली तरी निघते.

---

मनवा_ठाणे · रविवार, दुपारी १२:२२

काका, माझा प्रश्न बाळबोध आहे. तीन हजारांचा डॅक-कम-हेडफोन अँप घेतलाय, वर ६जे१ची छोटी ट्यूब आहे, छान केशरी चमकते. त्यातही हीच ऊब येते का? आणि पंखा दोनवर ठेवला की हेडफोनमध्ये किर्र आवाज येतो तो ट्यूबचा असतो का?

---

जुना रेडिओ · रविवार, दुपारी १२:५०

बाळ, रात्री दिवे घालव आणि डॅक चालू कर. चमक बटण दाबताक्षणी आली तर तो व्हॉल्व्हचा उजेड नव्हे, खाली एलईडी बसवलाय. खरा हीटर तापायला दहा-पंधरा सेकंद घेतो आणि आतून अंधूक लाल दिसतो, काचेच्या बुडातून झगमगत नाही. या स्वस्त सर्किटांत व्हॉल्व्हच्या प्लेटला जेमतेम २५-३० व्होल्ट मिळतात. चालतो बिचारा, पण अर्धपोटी. ऐकायला आवडत असेल तर ऐक.

पंख्याचं वायरमन सांगतील.

---

वायरमन · रविवार, दुपारी १:३५

पंख्याचा रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक, गोल फिरणारा असेल. तो प्रत्येक अर्ध्या लाटेला कापतो, तो काप वायरिंगमधून डॅकपर्यंत येतो. कपॅसिटरवाला टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर लावून घ्या. किर्र जाईल.

काळी_एक, माझं लक्ष वेगळ्याच ओळीवर आहे. शंकासुर आणि रसिकराज दोघांनीही ती वाचली नाही याचं आश्चर्य वाटलं. तुम्ही लिहिलंय की जुन्या केबलवर झिणझिण्या यायच्या. शुद्ध तांब्यानं झिणझिण्या जात नाहीत. अर्थिंगनं जातात.

तीन गोष्टी करा:

डॅकच्या आरसीए काढा, जुनी केबल लावा, मल्टीमीटर एसीवर ठेवून एक टोक डॅकच्या धातूच्या पेटीला, ज्या स्क्रूवर रंग नाही तिथे, आणि दुसरं अँप्लिफायरच्या पेटीला लावा. अँपचा प्लग तीन पिनी आहे ना? दोन्ही वस्तूंना एकदम हात नको. आकडा सांगा.

मग जुनी केबल भिंतीतून आणि डॅकमधून, दोन्हीकडून काढा. मीटर बीपवर ठेवा (तार अखंड असली की वाजतो). प्लगची वरची जाड पिन आणि दुसऱ्या टोकाचं मधलं भोक. बीप वाजतो का?

तिसरं, आरसीएच्या बाहेरच्या कड्याचा रंग सांगा. सोनेरी, काळा, हिरवा, जो असेल तो.

---

एडिसनकर · रविवार, संध्याकाळी ६:१०

न्यू जर्सीहून रामराम. इकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, त्यामुळे आमची विजेची गुरगुरसुद्धा तुमच्यापेक्षा वरच्या पट्टीत.

केबलशी संबंध नाही, पण गोल ट्रान्सफॉर्मरवाल्यांसाठी किस्सा. माझा डॅक रोज सकाळी पावणेआठला घुंघुं करायचा. स्पीकरमधून नाही, पेटीतूनच. पंधरा मिनिटांनी गप्प. मी ट्यूब बदलल्या, रबरी पाय लावले, वीज गाळणाऱ्या कंडिशनरची किंमतसुद्धा बघून ठेवली. शेवटी कळलं, मुलगी त्या वेळी केस वाळवते. ड्रायर कमी वेगावर असला की आतला डायोड लाटेची एकच बाजू घेतो, त्यामुळे घराच्या लाइनवर थोडा डीसी येतो, आणि गोल ट्रान्सफॉर्मरला तो मुळीच सोसत नाही. गाभा अर्धवट भरतो आणि कुरकुरतो. तिला म्हटलं, पूर्ण वेगावर वाळव. बाकी खर्च शून्य.

---

लातूरकर · रविवार, रात्री ८:४५

आमच्याकडे लाइट गेली की डॅक इन्व्हर्टरवर. जुना स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर होता तेव्हा ट्रान्सफॉर्मर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा वाजायचा. साइन वेव्हचा घेतला आणि पोळं उठलं. हा फरक आंधळ्यालाही कळेल, बहिऱ्यालाही. पॉवरचा परिणाम होतो, पण तो असा होतो.

---

काळी_एक · सोमवार, रात्री १०:०२

आकडे आणलेत. कालचा आख्खा दिवस यात गेला, जेवणाला दोनदा हाक मारावी लागली अशी नोंद घरात झाली आहे.

आधी ट्यूब. सूर २०० हर्ट्झ, पूर्ण पातळीवर.

रशियन: डावी २.३१, उजवी २.३० व्होल्ट.
हॉलंड: डावी २.५२, उजवी २.३८ व्होल्ट.

म्हणजे काका, तुमचं बरोबर. डावीकडे पाऊण डेसिबल जोर वाढला, आणि डाव्या-उजव्यात अर्ध्या डेसिबलचा फरक पडला. गायक सरकला तो असा. दोन ट्यूबची अदलाबदल केली तर गायक उजवीकडे गेला! बुडाशी त्रिकोण एकीवरच सापडला. दुसरीवर काहीच वाचता येत नाही.

आता केबल. आरसीए काढलेल्या, जुनी केबल: पेटीवर ९४ व्होल्ट. मीटर हातातून पडायचा राहिला. नवी केबल: ०.३.

जुन्या केबलचा बीप वाजला नाही. मधलं भोक मुकं. मग डोकं फिरलं आणि हॅकसॉनं प्लग आडवा कापला. आत तारा दोनच. तांबडी आणि काळी. तिसरी पितळी पिन प्लास्टिकमध्ये रोवलेली, तिच्या मागे काहीही नाही. नुसती शोभेची. ही केबल मूळ मालकानं कुठून आणली होती ते त्यालाही आठवत नाही.

आरसीएची कडी काळपट, एकीवर हिरवी झाक. मुलुंडचा पावसाळा.

---

वायरमन · सोमवार, रात्री १०:३०

वाटलंच होतं. असा माल बाजारात भरपूर आहे. वजनावरून कळतो, हातात घेतला की पोकळ लागतो.

झालं असं. डॅकच्या मागे जिथे केबल खुपसतो तिथे बहुतेक वेळा फिल्टर असतो. त्यात फेजपासून पेटीला एक आणि न्यूट्रलपासून पेटीला एक असे दोन छोटे कपॅसिटर. अर्थिंग असलं की त्यातून झिरपणारा करंट मुकाट जमिनीत जातो. अर्थिंगच नसलं की पेटी फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध लोंबकळते, म्हणून मीटरला शंभराच्या आसपास दिसतं. करंट मिलिअँपिअरचाही काही हिस्साच असतो, त्यामुळे मारत नाही, झिणझिणतो. पण उद्या आत एखादी तार सुटून पेटीला टेकली असती तर हाच प्लग जिवावर बेतला असता.

तो करंट जाणार कुठे? ऑप्टिकल केबलमध्ये तांबं नाही, तिकडे वाट बंद. उरली एकच वाट: आरसीएच्या बाहेरच्या जाळीवरून अँपमध्ये आणि अँपच्या अर्थिंगमधून खाली. जाळीचा सांधा स्वच्छ असता तर एवढ्याशा करंटनं काही ऐकू आलं नसतं. तुमची कडी काळी पडलेली. सांध्याला ओहमभर रोध आला की त्यावर दोन-तीन दशांश मिलिव्होल्ट तयार होतात आणि ते गुरगुर होऊन सरळ गाण्यात मिसळतात. दोन दोष एकमेकांच्या गळ्यात पडले.

तपासायचं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसानं कडी पुसा, आत-बाहेर. त्यानंतर फरक कळवा.

कुणी हे वाचून 'गुरगुर येते तर अर्थिंगची पिन काढून टाका' असा सल्ला देणार असेल तर देऊ नये. गुरगुरीवर दुसरे इलाज आहेत. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर लावा, शक्य तिथे ऑप्टिकल वापरा.

---

शंकासुर · सोमवार, रात्री ११:१२

मी 'फरक पडणं शक्यच नाही' लिहिलं होतं. चूक. दोन तारांचं गणित केलं आणि तिसरी आहे असं धरून चाललो. काळी_एक, तुम्हाला जे ऐकू आलं ते खरं होतं. तुम्हाला मनाचे खेळ म्हणालो त्याबद्दल माफी.

---

रसिकराज · सोमवार, रात्री ११:२०

म्हणजे केबलनं फरक पडला! हेच तर सांगत होतो.

---

शंकासुर · सोमवार, रात्री ११:२६

तिसरी तार दीडशे रुपयांच्या केबलमध्येही असते, रसिकराज. आता ती घेऊन समोरासमोर होऊ द्या. काळी_एक, घरात कुणी तटस्थ माणूस आहे का?

---

काळी_एक · मंगळवार, सकाळी ८:१५

आहे. आठवीत आहे. मोबदल्यात पावभाजी मागते.

कडी पुसली. कापूस काळाकुट्ट निघाला. गंमत म्हणून जुन्या केबलसारखी दोन तारांचीच स्थिती पुन्हा करून पाहावी असं मनात आलं होतं, पण वायरमन ओरडतील म्हणून सोडून दिलं.

तानपुऱ्याचं कोडं मात्र मला काल रात्री झोपताना सुटलं. माझ्या आवडीचे बरेच गायक काळी एकला गातात (नाव त्यावरूनच घेतलंय). काळी एकचा सा साधारण १३८ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा, ६९. खर्जाच्या तारेतून निघणारा पंचम त्याच्या तिप्पट, २०८च्या जवळ. आणि विजेची गुरगुर ५०ची असली तरी तिचे गुणक १००, १५०, २०० असे वर चढतात. २०० आणि २०८ शेजारी आले की सेकंदाला आठ थरथरी. जवारी लावलेल्या तारेच्या झणकाऱ्यात तशीच एक बारीक थरथर असते, त्यामुळे ही परकी थरथर मला कधी वेगळी ऐकूच आली नाही. तानपुरा धुक्यात आहे एवढंच कळायचं. गाणं थांबवून स्पीकरला कान लावला असता तर वर्षापूर्वीच सापडली असती.

---

जुना रेडिओ · मंगळवार, सकाळी ९:००

वा! आणि एक लक्षात ठेवा, जुन्या ध्वनिमुद्रणांत मुळातच गुरगुर असते, ती कुठल्याही केबलनं जाणार नाही. म्हणून तपासणी नेहमी गाणं थांबवून करावी.

---

काळी_एक · रविवार, रात्री ९:४८

चाचणी झाली. लॅमिंग्टन रोडवरून १८० रुपयांची तीन तारांची केबल आणली. विकत घेण्याआधी दुकानातच मीटरनं बीप वाजवून पाहिला. दुकानदार म्हणाला, 'साहेब, असं करणारे तुम्ही या महिन्यातले पहिले.'

पद्धत: डॅक टेबलावर, मागे चादर. मुलगी नाणं उडवून केबल ठरवणार, बदलणार, वहीत लिहिणार. काहीच बदललं नाही तरी प्लग काढून घालायचा, म्हणजे आवाजावरून ओळखता येऊ नये. मी तोपर्यंत गॅलरीत. ट्यूब तापायला प्रत्येक वेळी तीन मिनिटं. मग विलंबित ख्यालाची तीच दीड मिनिटं. असे १६ फेरे. रशियन ट्यूब, कारण त्या दोन्ही बाजूंना सारख्या.

पहिल्या चार फेऱ्यांत मला छातीठोक फरक ऐकू येत होता. तिसऱ्या फेरीला तर 'ही महागडी' असं ओरडलो. पाचव्यापासून घाम फुटला. नवव्यानंतर तो ख्याल पुन्हा कधी ऐकू नये असं वाटायला लागलं.

शंकासुरनं आधीच बजावलं होतं की नुसत्या नशिबानं १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे १२ आले तरच बोलायचं. माझे ९ आले. तिसरी फेरी १८० रुपयांची होती.

मुलीनं स्वतःहून शेवटी चार फेरे ऐकले. तिचे चारही बरोबर! मी टुणकन उडी मारली. मग म्हणाली, 'बाबा, ती जाडी केबल घातली की चादर फुगते.'

---

रसिकराज · रविवार, रात्री १०:१५

घाईघाईत, ताणाखाली ऐकून असली परीक्षा होत नाही. महिनाभर एक केबल, महिनाभर दुसरी, निवांत. मग सांगा.

---

शंकासुर · रविवार, रात्री १०:२२

महिन्याभरापूर्वीचा आवाज आठवणारे कान असते तर मी इथे नसतो, रियाज करत असतो. पण मुद्दा एवढा वाईट नाही. करावं त्यांनी. फक्त कुठली केबल लागलीय हे चादरीखाली राहू द्या. फुगलेल्या चादरीखाली नको.

---

एडिसनकर · सोमवार, पहाटे ४:०५

ट्यूबची अशी चाचणी मात्र अवघड. तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर आधीचा आवाज डोक्यातून गेलेला असतो. मी दोन्ही जोड्यांचा आउटपुट रेकॉर्डरवर घेतला, दोन्ही फायलींची पातळी दशांश डेसिबलपर्यंत जुळवली, मग फायली अदलून ऐकल्या. एका जोडीत फरक लागला, दुसऱ्या दोन जोड्या मला वेगळ्या काढता आल्या नाहीत. जी वेगळी लागली तिच्यात एक ट्यूब पेन्सिलीनं टिचकी मारली की स्पीकरमधून टिंग वाजायची. गेली कचऱ्यात.

---

मनवा_ठाणे · सोमवार, सकाळी १०:४०

रेग्युलेटर बदलला, १९० रुपये. किर्र गेली. आणि काका, चमक बटण दाबताक्षणी आली. एलईडीच आहे. तरी सुंदर दिसते.

---

काळी_एक · सोमवार, रात्री ९:३०

चौदा हजारांची केबल विकणारे ती परत घेणार नाहीत. शंभर तास वाजवा असं त्यांनीही सुचवलं होतं, आता तेच फोन उचलत नाहीत. (रसिकराज, तुम्ही नव्हे.) ती आता पाण्याच्या मोटरला... नको, गंमत केली. डॅकलाच आहे. चांगली जाड आहे, अर्थिंग आहे, प्लग सैल पडत नाही.

ट्यूब रशियनच ठेवल्यात. आवाज पाऊण डेसिबल चढवला की हॉलंडवाल्यांची आठवण येत नाही. पण त्रिकोणवाली ट्यूब चांगली आहे असं मन म्हणतं. काका, तुमच्याकडे व्हॉल्व्ह टेस्टर आहे असं जुन्या एका धाग्यात वाचलं होतं. दोन्ही दाखवायला आणू का?

---

जुना रेडिओ · सोमवार, रात्री ९:५५

आणा की. रविवारी सकाळी दहाला या, पत्ता निरोपात पाठवतो. टेस्टर माझ्यापेक्षा थोडाच लहान आहे, स्थिर व्हायला अर्धा तास घेतो. व्हॉल्व्ह वेगवेगळे रुमालात गुंडाळून डब्यात घालून आणा. शर्टाच्या खिशात नको. मागच्या वेळी एक जण तसा आला आणि नमस्कारासाठी वाकला.